फोटोतल्या झाडांना पाणी कोण घालणार?

सर, नमस्कार. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात एका तालुक्याच्या गावी मी तीन वर्षांपासून रसायनशास्त्र शिकवते. माहेर-सासर दोन्ही पुण्याचं. गेल्या वर्षी जूनमध्ये प्राचार्यांनी बोलावून एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा चार्ज दिला. कारण एकच, 'तुम्ही तरुण आहात.' जानेवारीत सात दिवसांचं शिबिर केलं. देवळाचं आवार झाडलं, प्रभातफेरी काढली, चाळीस झाडं लावली. मार्चमध्ये सहज गेले तर तीन उरली होती. मुलांना विचारलं की शिबिरातून काय मिळालं, तर सगळ्यांचं उत्तर एकच : सर्टिफिकेट.

त्याच शिबिरात सर्व्हे करताना एका वस्तीवर एका मुलीनं आम्हाला तांब्यातून पाणी दिलं. मी प्यायले, बरीच मुलं प्यायली. दोघं 'तहान नाही' म्हणाली आणि कोपऱ्यावर वळल्यावर दप्तरातली बाटली काढून घटाघटा प्यायली. सगळ्यांनी पाहिलं. मी काहीच बोलले नाही. ते अजून डोक्यातून जात नाही.

आणि एक. एस.वाय.चा एक हुशार मुलगा दिवाळीनंतर दिसेनासा झाला तो मार्चात उगवला. तळहाताला असे घट्टे पडलेले की प्रॅक्टिकलला ब्युरेटची (थेंबाथेंबानं द्रव सोडायच्या काचेच्या नळीची) तोटी नीट फिरवता येईना. आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता. आता तो टी.वाय.ला आहे. यंदाही जाणारच. त्याच्यासाठी मी काय करू? मुलांचा व्यक्तिमत्त्व विकास, सामाजिक भान हे शब्द मी दर महिन्याला अहवालात लिहिते. प्रत्यक्षात ते कसं करतात, हे मला कुणी शिकवलेलं नाही.
– एक प्राध्यापिका

मॅडम, नमस्कार.

ते मलाही कुणी शिकवलं नव्हतं. नेट-सेट झालं, पीएच.डी. झाली, रिफ्रेशर कोर्स झाले. पण वर्गात समोर बसलेल्या साठ मुलांना माणूस म्हणून वाढायला मदत कशी करायची, यावर एक तास कुणी घेतल्याचं आठवत नाही. एनएसएसचा चार्ज मला मिळाला तेव्हा कारण तुमच्यापेक्षा वेगळं होतं. मी विभागातला सगळ्यात कनिष्ठ होतो आणि मला 'नाही' म्हणता येत नव्हतं. तरुण असणं आणि नाही म्हणता न येणं, कॉलेजात या दोन्हीचा अर्थ एकच असतो म्हणा.

माझ्या पहिल्या शिबिराची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे तुमच्या चाळीस झाडांचं ओझं थोडं हलकं होईल. आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा घातला होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा केल्या, वाळू भरली, तोंडं शिवली, पोरांनी साखळी करून रचल्या. जागा निवडली मी. मी भूगोलाचा प्राध्यापक, आणि जागा निवडताना मुख्य निकष हा की उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांची गाडी तिथपर्यंत यावी. पाणी अडलं, फोटो झाले, नारळ फुटला. आठ दिवसांनी पुन्हा गेलो तर बंधारा जागच्या जागी आणि पाणी गायब. ओढ्याकाठी शेळ्या राखणारे एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, तितं खालून कातळ फुटल्यालाय. पाणी वरल्या वळणाला थांबतं." मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "तुमी इचारलं कुठं?"

तुमच्या झाडांचंही तेच झालं. तुमच्या भागात जानेवारीत रोप लावायचं तर पुढचे पाच महिने त्याला पाणी कोण घालणार, हे आधी ठरायला हवं होतं. ते कुणीच ठरवलं नाही, कारण झाड जगण्यावर कुणाचंच काही अवलंबून नव्हतं. अहवाल झाड लावण्याचा होता. मुलं खुळी नसतात. या कामात आपण असलो काय, नसलो काय, काही बिघडत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळतं. मग ती सर्टिफिकेटसाठी येतात. त्यांच्या जागी मीही त्याचसाठी आलो असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. जाणीव मुलांना देता येत नाही, काम देता येतं. आणि ते काम असं हवं की मुलानं ते केलं नाही तर कुणाचं तरी खरंच अडेल आणि त्यानं ते चुकीचं केलं तर कुणाला तरी तोंड द्यावं लागेल. माझ्या तीस वर्षांत जी पोरं बदलताना दिसली, ती अशाच कामात दिसली. व्याख्यानानं बदललेलं पोर मला अजून भेटायचंय, आणि व्याख्यानं तर मीही भरपूर झोडली.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघा. तुम्ही रसायनशास्त्राच्या आहात. हा माझ्या मते एनएसएससाठी सोन्यासारखा विषय, आणि तुम्ही पोरांच्या हातात झाडू दिलात.

एनएसएसच्या दत्तक गावातली माणसं पाण्याबद्दल काय बोलतात, ते ऐका. बोअरचं पाणी असेल तर बायका सांगतील : डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरा थर बसतो. तुमच्या एस.वाय.च्या मुलांनी ईडीटीए टायट्रेशननं पाण्याचा कठीणपणा मोजलेलाच असतो. पण प्रयोगशाळेत ते पाणी कुठलं असतं? तुम्हीच बनवून ठेवलेलं, 'सॅम्पल ए' लिहिलेलं. उत्तर तुम्हाला आधीच माहीत, आणि मुलांना मागच्या बॅचच्या जर्नलमधून. त्याऐवजी प्रत्येकाला गावातल्या एकेका पाणवठ्याची बाटली आणायला सांगा. बाटलीवर बोअर कुणाच्या दारात, किती फूट, किती वाजता भरली हे लिहिलेलं असू दे. तोच वाइनसारखा लाल रंग, तोच निळा होण्याचा क्षण. पण ब्युरेटमधला एक थेंब जास्त पडला तर कुणाच्या तरी पाण्याचा आकडा चुकणार, हे त्या दिवशी पोराला पहिल्यांदा कळेल. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. नायट्रेटला ४५ च्या वर सूट नाही. हे आकडे फळ्यावर लिहायची गरजच राहणार नाही. आपली बाटली कुठे बसते हे बघायला मुलं स्वतःच तक्ता काढतील.

दुसरं काम आणखी सोपं आहे, आणि मला ते जास्त आवडतं. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी ऑर्थोटोलिडिन चाचणी. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, निदान टाकायची असते. पुढे अर्ध्या तासानं गावाच्या शेवटच्या नळाला ओटी टेस्ट घेतली तर पाण्याला पिवळसर छटा यायला हवी. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असा नियम आहे. (ऑर्थोटोलिडिन पोरांच्या हाताला लागू देऊ नका, हे तुम्हाला मी सांगायला नको.) तुमच्या दहा पोरांनी आठवड्यातून एकदा, महिनाभर, शेवटच्या नळाची ही एक टेस्ट घेतली तरी गावाचा अर्धा नकाशा हाताशी येतो. छटा कुठे येत नाही? का येत नाही? पावडर ओलीत ठेवून तिचा क्लोरीन उडून गेलाय का? की टाकलीच नाही? की शेवटच्या नळापर्यंत पाणीच अर्धा तास उशिरा पोचतं? आणि तो शेवटचा नळ नेमका कोणत्या वस्तीत आहे?

या शेवटच्या प्रश्नाकडे मी परत येणार आहे.

आकडे आल्यावर एक पथ्य पाळा. 'तुमचं पाणी खराब आहे' असं पोरांना गावात जाऊन सांगू देऊ नका. आधी तेच नमुने दुसऱ्या जोडीकडून पुन्हा तपासून घ्या. शंका असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून पडताळा घ्या. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना फिल्ड टेस्ट किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते शोधा आणि त्यांना बरोबर घ्या. किट बहुतेक कपाटात असेल. आणि मग निकाल ग्रामसभेत मुलांनी स्वतः सांगायचा. तुम्ही मागच्या रांगेत बसायचं. सरपंच उलटा प्रश्न विचारतील, कुणीतरी हसेल, एखादं पोर अडखळेल. त्याच्या मदतीला धावून जाऊ नका. मोजून वीस सेकंद थांबा. तुमचं ते व्यक्तिमत्त्व विकासाचं काम त्या वीस सेकंदांत चालतं.

प्राचार्यांचं काय करायचं? काही नाही. त्यांना जिओटॅगचे फोटो द्या. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला ते लागतात आणि त्यांच्यावरही वरून दडपण असतं. भांडण करून तुमचं वर्ष वाया जाईल. उलट नव्या अभ्यासक्रमात फिल्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटची जी क्रेडिट्स आली आहेत, त्यांत हेच पाण्याचं काम बसवा. दोन क्रेडिटला साठ तास धरले जातात, आणि बाटल्या गोळा करण्यापासून ग्रामसभेपर्यंत ते सहज भरतात. काम एक, फायली दोन. एनएसएसचे वर्षाचे १२० तास वेगळे मोजावे लागतील, तेवढं जपा.

शिबिराच्या वेळापत्रकातून मात्र एक गोष्ट निर्दयपणे छाटा : दुपारचं बौद्धिक. सात दिवस, सात पाहुणे, सात शाली, सात नारळ. जेवून आलेली पोरं डुलक्या घेतात आणि पाहुणे 'आजची तरुण पिढी' या विषयावर तासभर बोलतात. एखादा पाहुणा ठेवा, शक्यतो गावातलाच. बाकी वेळ संध्याकाळी अंधार पडल्यावर गोल करून बसा आणि विचारा. 'आज काय शिकलात' असं मोघम विचारू नका, त्याला मोघमच उत्तर येतं. विचारा, आज कुणाच्या ओट्यावर बसलात? त्या घराबद्दल जाताना काय वाटलं होतं आणि निघताना काय वाटलं? कुठला प्रश्न विचारायला लाज वाटली? मग गप्प बसा. पहिल्या दिवशी कुणी बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी एखादी मुलगी बोलते आणि मग थांबवावं लागतं.

रोजनिशी लिहायला सांगत असाल तर अर्धं पान पुरे. आज पाहिलेली एक गोष्ट आणि न कळलेली एक गोष्ट. 'या शिबिरामुळे माझा सर्वांगीण विकास झाला' हे वाक्य दिसलं की वही परत द्या. हल्ली तर ते वाक्य मोबाइलच लिहून देतो.

मुलींना घरचे रात्रीच्या शिबिराला सोडत नसतील, तर त्यांच्या आयांना एकदा दिवसा गावात घेऊन या. राहायची खोली, संडास, बरोबर राहणाऱ्या मॅडम दाखवा. याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

आता तांब्यातलं पाणी.

तुम्ही गप्प बसलात. मीही एकदा बसलो होतो. शिबिरात जेवणाच्या पंक्तीला एक पोर ताट उचलून जरा लांब जाऊन बसलं आणि का ते मला माहीत होतं. 'सात दिवसांत कुठे वाद' म्हणून मी वाढत राहिलो. तो मुलगा पुढे भेटला नाही. भेटला असता तर मी काय बोललो असतो, हेही मला माहीत नाही. म्हणून तुमचं जे डोक्यातून जात नाहीये, ते जाऊ देऊ नका.

त्या दोघांना सगळ्यांसमोर उभं करू नका. अपमान झालेला माणूस विचार करत नाही, तो फक्त पुढच्या वेळी जास्त सावध होतो. वेगवेगळं बोलवा आणि सरळ विचारा, त्या दिवशी पाणी का नाही घेतलंस? 'तहान नव्हती' हे पहिलं उत्तर येईल. तुम्ही म्हणा, बाटली मी पाहिली. मग थांबा. बहुतेक वेळा खाली भीती असते : आजीला कळलं तर, गावात कुणी सांगितलं तर. ऐकून घ्या, पण भीती आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही, हेही स्पष्ट सांगा. त्याला अस्पृश्यता म्हणतात. संविधानाच्या सतराव्या कलमानं ती संपवलेली आहे. हा शब्द तुमच्या तोंडून त्यांनी ऐकायला हवा. आपण 'तो प्रकार', 'तसलं काहीतरी' म्हणत राहतो, आणि नाव न घेतलेली गोष्ट घरात नांदत राहते.

त्याही आधी एक काम करा. तुमच्या युनिटमध्ये त्या समाजातली मुलं असतील. त्यांनीही ते पाहिलंय. त्यांनी तुमचं गप्प बसणंही पाहिलंय. त्यांच्याशी बोला. एवढंच म्हणा की मी तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही, ते चुकलं. त्यापुढे त्यांना काही सांगायचं असेल तर ऐका, नसेल तर तिथेच सोडा. त्यांनी उभं राहून बाकीच्यांना समजावून सांगावं, अशी अपेक्षा मात्र अजिबात नको. चूक दुसऱ्यांची आणि शिकवणी त्यांनी घ्यायची, हे बरं नाही.

आणि मग वर्गात, सगळ्यांसमोर, कुणाचंही नाव न घेता, तुमचाच विषय घ्या. फळ्यावर लिहा : शुद्ध पाणी म्हणजे काय? एका बाजूला टीडीएस (विरघळलेले क्षार), पीएच, नायट्रेट, जीवाणू, उरलेला क्लोरीन. दुसऱ्या बाजूला महाडची गोष्ट सांगा. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं पुढच्याच वर्षी चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव फायलीत राहिला. तळ्यावर कुणी जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. कशानं? शेण आणि गोमूत्र मिसळलेल्या घागरी तळ्यात ओतून. आता पोरांना विचारा, हे पाणी तुमच्याकडे बाटलीतून तपासायला आलं असतं तर अहवालात काय लिहिलं असतं?

मला खात्री आहे, वर्ग आधी हसेल आणि मग शांत होईल. त्या शांततेत वर सोडलेला प्रश्न टाका : आपल्या दत्तक गावातला शेवटचा नळ कुणाच्या वस्तीत आहे, आणि तिथे ओटी टेस्ट पिवळी का येत नाही? उत्तर कदाचित साधं असेल. वस्ती टाकीपासून लांब आहे, एवढंच. पण ती लांब का आहे, हे मग कुणालातरी विचारावंसं वाटेल. असे प्रश्न आपण त्यांच्या तोंडी घालायचे नसतात. ते जिथे पडतील तिथे पोरांना नेऊन सोडायचं, एवढंच आपलं काम.

पुढच्या शिबिरात स्वयंपाकाच्या तुकड्या चिठ्ठ्या टाकून पाडा. भाकरी थापायला मुलंही आणि मुलीही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत होती, मिळून स्वयंपाक करत होती, एका पंगतीत जेवत होती. १९२७ साली गांधीजी तिथे येऊन गेले. त्या पोरांना समतेचं व्याख्यान द्यायला भाऊरावांकडे वेळ नव्हता, त्यांना रोजच्या धान्याची भ्रांत होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने मोडले. पीठ कुणी मळलं हे ठाऊक असलेली भाकरी रोज खाऊन खाऊन जे कळतं ते कळतं.

आता तुमचा तो मुलगा. या पत्रात मला सगळ्यात जास्त तोच आठवत राहिला.

एक लक्षात घ्या. पुण्याच्या कॉलेजात मुलांना 'समाज दाखवायला' कुठेतरी न्यावं लागतं. तुमच्या वर्गात समाज बाकावर बसलेला आहे. त्या मुलाला सामाजिक जाणीव शिकवायची नाहीये. ती त्याच्या तळहातावर उमटलेली आहे. त्याला हवंय ते हे, की त्या हातांची लाज वाटू नये, आणि वर्ष बुडू नये.

दुसरं आधी घेऊ, कारण ते तातडीचं आहे. त्याला बोलावून विचारा की तो कधी जाणार, कुठल्या पट्ट्यात, कुठल्या कारखान्याला आणि कधी येऊ शकेल. मुकादमाकडून घरानं उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतली असेल तर 'जाऊ नकोस' म्हणणं निरर्थक आहे. पैसे आधीच संपलेले असतात आणि कोयता पुरा भरावा लागतो. कोयता म्हणजे तोडणाऱ्यांची जोडी. वडिलांना पाठीचं दुखणं असेल, तर आईबरोबर जोडीला हाच जाणार. त्यामुळे उपदेश टाळा आणि वेळापत्रक मांडून बसा. अंतर्गत परीक्षा कधी, प्रॅक्टिकल कधी, यातल्या कुठल्या तारखांना तो येऊन जाऊ शकतो. विभागप्रमुखांशी तुम्ही बोला. बुडालेली प्रॅक्टिकल्स सलग दोन-तीन दिवसांत करून घेता येतील का, ते पाहा. हजेरीच्या नियमात काय सूट मिळते ते परीक्षा विभागाकडून लेखी घ्या, तोंडी आश्वासन ऐन वेळी कामाला येत नाही. त्याच्या महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेला आहे का, तेही बघा. आधार बँक खात्याला जोडलेलं नाही, एवढ्या कारणावर पैसे अडकून पडलेली पोरं मी पाहिली आहेत. तुमच्या एनएसएसच्या मुलांचं एक टेबल प्रवेशाच्या दिवसांत फक्त एवढ्याच कामाला बसवा : पहिल्या वर्षाच्या पोरांचे अर्ज तपासून देणं. झाडांपेक्षा जास्त जगतील.

आणि लाजेचं. एके दिवशी, तो एकटा असताना, त्याला विचारा की ऊस तोडला की कारखान्याला इतकी घाई का असते? गाडी आली की रात्री दोन वाजता का उठवतात? त्याला घाई माहीत आहे, झोपमोड माहीत आहे, आईनं डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं माहीत आहे. कारण बहुधा माहीत नसेल. ते तुमच्याकडे आहे. तोडलेल्या उसात सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज व्हायला लागतं, इन्व्हर्टेज हे उसातलंच विकर आपलं काम करत राहतं, तास जातील तसा साखर उतारा घसरतो. कारखान्याचा पैसा उताऱ्यात असतो. म्हणून गाडी रात्री भरली जाते, म्हणून आई उठते. तुमच्या बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकातलं ते एक पान त्याच्या घरच्या झोपेशी जोडलेलं आहे, आणि हे त्याला आजवर कुणी दाखवलेलं नाही.

त्याला हे वर्गापुढे मांडायचं असेल तर तो विषय त्याचा प्रोजेक्ट होऊ शकतो. वेगवेगळ्या वेळेला तोडलेल्या उसाचा रस, त्याचं ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण) आणि रिड्यूसिंग शुगर (ते ग्लुकोज-फ्रुक्टोज). उपकरणं तुमच्याकडे आहेत, नमुने त्याच्याकडे. मांडायचं नसेल तर आग्रह नको. आपल्या सामाजिक भानाचा नमुना म्हणून त्याला व्यासपीठावर बसवू नका आणि अहवालात त्याचा फोटो तर नकोच.

मेंटॉर-मेंटीचा जो फॉर्म तुम्ही भरता, त्यात वडिलांचा व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न असे रकाने असतात. मुलं तिथे 'शेती' लिहून मोकळी होतात. माझा अनुभव असा की दोन प्रश्न जास्त सांगतात : घरून किती वाजता निघतेस, आणि शेवटची एसटी कितीची? वीस-पंचवीस मुलांना हे दोन प्रश्न विचारून त्यांची उत्तरं लक्षात ठेवा. साडेपाचची एसटी पकडणाऱ्या मुलीला साडेपाचपर्यंत प्रॅक्टिकलला बसवून ठेवलं नाही, की ती तुम्हाला पुढचं आपणहून सांगते.

कधी कधी जास्तच सांगते. लग्न ठरवतायत, घरी मारहाण होते, जगावंसं वाटत नाही. तेव्हा एकट्यानं पेलायला जाऊ नका. ऐका, तिला एकटी सोडू नका, घरातल्या किंवा कॉलेजातल्या एका भरवशाच्या माणसाला सांगा, आणि टेलिमानसचा १४४१६ हा नंबर द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. जमलं तर तिथे बसून स्वतः लावून द्या. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही.

तुमच्या युनिटला शंभर स्वयंसेवक असतील. शंभरांवर लक्ष ठेवता येत नाही. बारा-पंधरा निवडा, त्यांत ते पाणी न पिणारे दोघंही असू द्यात. शेवटच्या नळाची ओटी टेस्ट घ्यायचं काम मी त्या दोघांनाच दिलं असतं. त्या वस्तीत आठवड्याला एकदा, महिनाभर, नळाला भांडं लावून उभं राहायचं, पाणी यायची वाट बघत. बाटली संपल्यावर काय करतात, बघा.

झाडांचं म्हणाल, तर ती तीन कुठली उरली ते जाऊन पाहा. माझा अंदाज, कुणाच्या तरी मोरीचं सांडपाणी तिथे जात असेल. त्या घरात जाऊन बसा, पुढच्या पावसाळ्यात आणखी कुठे लावता येतील ते त्या बाईंनाच विचारा. मला त्या शेळ्या राखणाऱ्या आजोबांनी पुढच्या वर्षी वरलं वळण दाखवलं होतं. आम्ही बंधारा तिथे हलवला. पाहुण्यांना अर्धा किलोमीटर चालावं लागलं आणि त्यांनी ते भाषणात दोनदा सांगितलं.

त्या मुलाला मात्र या आठवड्यातच भेटा. दिवाळी झाली की टोळ्या हलतात.